अंबरनाथ पूर्वेतले हत्ती

जगात पाहण्याजोग्या वस्तू किती, हा प्रश्न २०१४ साली एकदाचा मिटला. ऐंशी. मायक्रोसॉफ्टमधल्या आणि काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्या वर्षी ‘कोको’ नावाचा फोटोंचा संग्रह जाहीर केला. लाखो फोटो, आणि फोटोतल्या एकेका वस्तूभोवती माणसांकडून ओढून घेतलेली रेघ. तेव्हापासून ‘वस्तू ओळखणारं तयार मॉडेल, फुकट’ असं जे काही मिळतं, ते बहुधा याच ऐंशी वस्तू पाठ करून आलेलं असतं. यादी वाचण्यासारखी आहे. माणूस, सायकल, मोटार, बस, आगगाडी इथपर्यंत आपण मान डोलावतो. मग जिराफ येतो. झेब्रा, अस्वल, हत्ती. बर्फावरून घसरायच्या पट्ट्या. बेसबॉलची बॅट, आणि बेसबॉलचा हातमोजा वेगळा. टोस्टर. केस वाळवायचं यंत्र. टायसुद्धा आहे.

रिक्षा नाही.

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडलेल्या कुणालाही थांबवून ही बातमी सांगून बघा. थांबवण्यासाठी तुम्हाला दोन रिक्षांच्या मधून आडवं घुसावं लागेल, तो ऐकायला वाकेल तेवढ्यात तिसरी रिक्षा त्याच्या चपलेला टेकेल, आणि तुम्ही त्याला सांगणार की जगातल्या ऐंशी वस्तूंत ही बसत नाही. सकाळी साडेसातला शिवाजी चौकात रिक्षा सोडून दुसरं काही दिसलंच, तर ते रिक्षात बसलेलं असतं.

आमच्या सोसायटीत हा विषय शिरला तो पार्किंगच्या भांडणातून. शिवमंदिराच्या रस्त्याला आतल्या गल्लीत आमच्या दोन विंग. फाटक एक, आणि त्या फाटकातून दिवसभरात नेमकं काय काय आत येतं यावर कमिटीत दोन तट. एका तटाचं म्हणणं, बाहेरच्यांच्या गाड्या आत लागतात. दुसऱ्या तटात, ज्यांच्याकडे त्या गाड्यांतून पाहुणे येतात ते. शेवटी मोजणारा कॅमेरा बसवावा असं ठरलं. एका कंपनीचा माणूस कोटेशन देऊन गेला. खजिनदारांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “ऑफिसात कॉम्प्युटर आहे की.”

हा कॉम्प्युटर उल्हासनगरहून सेकंडहँड आणलेला. आत २०१५च्या पिढीचा इंटेलचा आय-फाइव्ह, ग्राफिक कार्डाचा पत्ता नाही, आणि कीबोर्डवरची दोन बटणं गेलेली असल्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्यांवर निम्म्या सभासदांची आडनावं अर्धीच छापली जातात. यावर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवायची होती. कामाला बोलावला बदलापूरचा माझा भाचा, कारण तो शिकलाय तेच आणि मामाच्या सोसायटीत पैसे मागता येत नाहीत.

“मामा, शिकवायला मोठी मशीन लागते,” तो म्हणाला. “आपल्याला शिकवायचं कुठेय? शिकून आलेलं आणायचं आणि चालवायचं.”

चाललं. म्हणजे सेकंदाला तीन-चार चित्रं बघून व्हायची. पंखा असा ओरडायला लागला की वॉचमन फाटक सोडून बघायला आला, आणि नेमक्या त्या वेळात दोन स्कूटर आत गेल्या. कॅमेऱ्याला त्यांतली एक फाटकाबाहेर दिसली आणि पुढच्याच चित्रात स्टँडवर लावलेली. मधला प्रवास तिने केला की नाही यावर मॉडेलचं काही मत नव्हतं.

मग भाच्याने इंजिन आणलं. इंजिन म्हटल्यावर सेक्रेटरींनी डिझेलचा खर्च विचारला, तो प्रश्न बाजूला ठेवू. इन्फरन्स इंजिन हा एक प्रोग्रामच. इंटेलचा ‘ओपनविनो’ नावाचा संच २०१८ साली आला, फुकट आहे, आणि महागड्या कार्डाशिवाय साध्या प्रोसेसरवर मॉडेलं जोरात पळवणं ही त्याची खासियत. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘टेन्सरआरटी’, फोनसाठी गूगलचं वेगळं, चिनी ‘टेन्सेंट’चं आणखी वेगळं, ज्याच्याकडे जी चिप, त्याचं ते इंजिन.

ही इंजिनं करतात काय? मॉडेल म्हणजे शेवटी लाखो आकडे आणि त्यांचे गुणाकार-बेरजा. शिकताना त्याच्याबरोबर भरपूर सामान असतं: चूक किती झाली ते मोजायचं, ती चूक मागे मागे नेत एकेक आकडा किंचित हलवायचा, त्यासाठी मधली सगळी उत्तरं सांभाळून ठेवायची. शिकून झाल्यावर यातलं काहीच लागत नाही. इंजिन ते उतरवून ठेवतं. दुसरं असं की जुन्या प्रोसेसरचा बराचसा वेळ गणितात जातच नाही. आकडे मेमरीतून उचलून आणण्यात आणि परत नेऊन ठेवण्यात जातो. गुणाकार केला, ठेवला. पुन्हा उचलला, ठरावीक पट्टीत बसवला, ठेवला. पुन्हा उचलला, उणे असेल तर शून्य केला, ठेवला. इंजिन या तीन खेपांची एक खेप करतं. शिवाय या प्रोसेसरला एका दमात आठ आकडे हाताळायची सोय होती. सोसायटीने ती आजवर पावत्या छापायला वापरली.

एवढ्याने वेग साधारण दुप्पट झाला. पुढची पायरी अवघड होती, कारण ती बी विंगच्या काकांना समजावून सांगायची होती.

काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. उभी हयात इन्स्पेक्शनमध्ये, हातात मायक्रोमीटर. भाच्याने त्यांना सांगितलं की मॉडेलमधला प्रत्येक आकडा बत्तीस बिटांत लिहिलेला असतो, तो आता आपण आठ बिटांत बसवणार. म्हणजे दशांशचिन्हापुढे सहा-सात घरं जाणारा आकडा उचलून दोनशे छप्पन ठरलेल्या आकड्यांपैकी जो जवळचा असेल त्यावर नेऊन ठेवायचा.

“आणि टॉलरन्स?”

“थोडं इकडेतिकडे होतं, काका.”

“आमच्याकडे इकडेतिकडे केलं असतं तर गोळा कल्याणला पडला असता.”

भाच्याने परोपरीने सांगितलं. फाइल चौथाई होते. मेमरीतून ने-आण चौथाई होते. आणि अचूकता जाते ती बहुतेकदा टक्का-अर्धा टक्का, कारण लाखो आकड्यांत कुणी वर सरकतो कुणी खाली, गोळाबेरीज फारशी हलत नाही. त्यातून मॉडेलच्या कुठल्या थराला किती पट्टी लावायची हे ठरवायला आपल्याच फाटकाची तीनेकशे चित्रं आधी दाखवून घेतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द ऐकल्यावर काकांचा चेहरा पहिल्यांदा निवळला. गेजला सर्टिफिकेट असेल तर त्यांची हरकत नव्हती.

त्यानंतर इंजिनाने एक प्रश्न विचारला आणि तो मात्र मला विनाभाषांतर कळला. तुम्हाला एकेका चित्राचं उत्तर चटकन हवं, की एकूण जास्तीत जास्त चित्रं उरकायला हवी? दोन्ही एकदम मिळत नाही. अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षावाल्याला हे शास्त्र कुणी शिकवावं लागत नाही. मागे तीन आणि स्वतःच्या मांडीला मांडी लावून चौथा बसल्याशिवाय तो हलत नाही. त्याच्या हिशेबाने तासाला माणसं जास्त जातात, पहिला येऊन बसलेला मात्र फळकुटावरची पाटी वाचून पाठ करतो. घाई असेल त्याने स्पेशल करावी आणि चौघांचे पैसे द्यावेत. संगणकशास्त्रात शेअरच्या हिशेबाला थ्रूपुट म्हणतात, स्पेशलच्या हिशेबाला लेटन्सी. इंजिनात दोन शब्दांपैकी एक लिहिला की बाकीची जुळवाजुळव ते स्वतः करतं. आमचा कॅमेरा एकच. आम्ही स्पेशल केली.

सगळं जमून आलं तेव्हा त्या उल्हासनगरी डब्यावर सेकंदाला पंधरा-सोळा चित्रं पळायला लागली. पंखासुद्धा गप्प बसला. कमिटी ऑफिसात गोळा झाली. पडद्यावर फाटक, फाटकात रिक्षा, आणि रिक्षाभोवती हिरवी चौकट: ‘मोटार’. रिक्षा जरा वळली: ‘ट्रक’. मागून दिसली: ‘मोटारसायकल’. प्रवासी उतरला, तेव्हा क्षणभर ‘बस’. आधी हे मॉडेल सेकंदाला तीनदा रिक्षा ओळखत नव्हतं, आता सेकंदाला सोळा वेळा ओळखत नव्हतं. इंजिनाने आपलं काम चोख केलं होतं.

वॉचमनच्या हातातला वडापाव ‘सँडविच’ ठरला. त्याने तो नुसता लपवला.

भाचा ईर्ष्येला पेटला. त्याने इमेजनेटची यादी काढली. ही त्याहून मोठी, हजार प्रकारांची. २०१२ साली याच यादीवरच्या स्पर्धेतून आजच्या सगळ्या प्रकाराला सुरुवात झाली. हजारांत सव्वाशेच्या आसपास नुसत्या कुत्र्यांच्या जाती. केस नसलेला मेक्सिकन कुत्रा आहे, आपल्या सह्याद्रीतला कोळसुंदासुद्धा आहे. आमच्या गल्लीत रात्री अकरानंतर ज्यांचं राज्य असतं, ते यादीत नाहीत. पण रिक्षा सापडली! भाचा आनंदाने ओरडला. नीट वाचलं तर ती माणसाने ओढायची रिक्षा निघाली. नेरळवरून वर गेलं की माथेरानला ती वर्षानुवर्षं चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली जी बंद करा म्हणून सांगितलं, नेमकी तेवढी एकच रिक्षा मॉडेलला ठाऊक.

इंजिनाबरोबर आयत्या मॉडेलांचं एक कोठार येतं. वेग हातात आला की माणूस कोठारात हात घालतोच. नंबरप्लेट वाचणारं मॉडेल भाच्याने उत्साहाने लावलं. ते चिनी नंबरप्लेटांवर शिकलेलं आहे असं त्याच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं, पण माहितीपत्र वाचणं हे भाच्याच्या वयाला शोभत नाही. सेक्रेटरींची ‘एमएच ०५’ची ॲक्टिव्हा दोन दिवस चीनच्या कुठल्याशा प्रांतात नोंदलेली होती. भाव ओळखणारं मॉडेल पाच भाव जाणतं: शांत, आनंदी, दुःखी, चकित, रागावलेला. सकाळी स्टेशनकडे निघालेली आमची अख्खी सोसायटी त्याला ‘शांत’ वाटली. सात पन्नासची चुकलीय, पुढची मिळाली तरी दारात लटकावं लागणार आणि लेट मार्क तर लागलाच, या भावाला यादीत जागा नाही.

वय सांगणारं मॉडेल मात्र लोकप्रिय झालं. ते फक्त अठरा ते पंचाहत्तर या पट्ट्यात चालतं आणि सरासरी सातेक वर्षांनी चुकतं, असं त्याचेच कर्ते सांगतात. लहान मुलांचे चेहरे त्याला दाखवलेलेच नाहीत, त्यामुळे पाळणाघरातून येणारी सगळी मंडळी मतदानाला पात्र ठरली. उलट तळमजल्यावरचे आजोबा, वय चौऱ्याऐंशी, पंचाहत्तरच्या वर जाईनात. ते दिवसातून तीनदा दूध आणायला निघू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना एकदा त्याने त्यांच्या यजमानांपेक्षा मोठं दाखवलं, त्या संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक झाली आणि वय बंद करण्यात आलं. न विचारता लोकांचे चेहरे वाचत बसणं बरं दिसत नाही, हे मी आधीच म्हणत होतो. पण माझं वय मॉडेलने बरोबर सांगितलं होतं, म्हणून माझ्या मताला वजन नव्हतं.

महाशिवरात्रीला खरी परीक्षा झाली. वालधुनीकाठचं आमचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं. जत्रेला माणूस एवढं लोटतं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी रांग येऊन टेकते. कॅमेरा वळवून माणसं मोजायची ठरली. रांगेत उभे असलेले वीस, मॉडेल म्हणे आठ. त्यात दोष दृष्टीचा नव्हता, हिशेबाच्या रीतीचा होता. हे मॉडेल एका माणसावर एक चौकट टाकून थांबत नाही. दहा-बारा टाकतं, आणि शेवटी जिच्यावर सगळ्यांत जास्त भरवसा ती ठेवून तिच्यावर चढलेल्या बाकीच्या पुसून टाकतं. मोकळ्या मैदानात हे छान चालतं. जत्रेच्या रांगेत माणसंच एकमेकांवर चढलेली असतात. तीन भाविक म्हणजे एकाच भाविकाच्या तीन चौकटी, असा त्याचा समज. भाच्याने पुसण्याचा नियम सैल केला. आता रांग बरोबर आली, पण फाटकात एकटा उभा असलेला वॉचमन दोन दिसायला लागला. खजिनदारांनी दबक्या आवाजात विचारलं, पगार एकच ना?

शेवटी मॉडेलला आमची रिक्षा शिकवायची ठरली. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा मोठा संग्रह केलेला आहे, त्यात ऑटोरिक्षा हा स्वतंत्र प्रकार, हैदराबाद-बेंगळुरूच्या रस्त्यांवर धावत्या मोटारीतून टिपलेला. पण तो समोरून पाहिलेला. आमचा कॅमेरा पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावरून खाली बघतो. त्याला रिक्षा म्हणजे काळं-पिवळं टप, त्यावर वाळत घातलेला नॅपकिन. तेव्हा फाटकाचीच चित्रं घ्यायची, माणसांनी बसून त्यांतल्या वस्तूंभोवती चौकटी काढायच्या, आणि गूगलची मशीन फुकट मिळते तिच्यावर शिकवून आणायचं. माणसं कुठून आणायची? दुपारी दोन ते पाच अख्खी सोसायटी रिकामी असते, आणि जी असते ती निवृत्त असते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुढाकार घेतला. भाच्याने त्यांच्यासाठी ऐंशीच्या यादीचं मराठी करून दिलं, एक्याऐंशीवी ‘रिक्षा’ घातली. काकू माउसने चौकट ओढायच्या, यादीतून नाव निवडायच्या. बी विंगचे काका शेजारी बसून तपासायचे. चौकट रिक्षाच्या आरशापाशी दोन ठिपके बाहेर गेली तर रिजेक्ट. खांबाआड निम्मी गेलेली रिक्षा धरायची की नाही यावर दोघांचं चार दिवस बोलणं नव्हतं. असं झालेलं काम मी सरकारी खात्यातही पाहिलेलं नाही.

शिकवून आणलेलं मॉडेल पुन्हा आठ बिटांत आवळून इंजिनात बसवलं. रिक्षा ‘रिक्षा’ झाली! समोरून, मागून, वरून, पाऊस असताना, ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपलेला असताना. टाळ्या झाल्या. काकूंनी साबुदाणावडे केले, त्यांना मॉडेल काय म्हणतं ते कुणी बघितलं नाही. भाचा बदलापूरला गेला, आणि महिन्याच्या महिन्याला कोण-कोण आत आलं याचा तक्ता आपोआप छापून यायला लागला. कुणी तो वाचला नाही.

तो वाचला गेला सप्टेंबरात, जनरल बॉडीत, सगळ्यांसमोर, खजिनदारांच्या तोंडून. रिक्षा इतक्या. मोटारी इतक्या. मोटारसायकली इतक्या. “हत्ती, एकशे बारा.”

सभागृहात, म्हणजे जिन्याखाली, शांतता पसरली. ठाण्याला राहणारे आणि इथला फ्लॅट भाड्याने दिलेले एक सभासद वर्षातून याच दिवशी येतात. त्यांनी सुरक्षेचा मुद्दा उपस्थित केला. काकूंनी मात्र मान ताठ ठेवली. यादीत जे होतं ते त्यांनी निवडलं होतं. सामानाचा तो टाटाचा टेम्पो, छोटा हत्ती; सगळं अंबरनाथ त्याला हत्ती म्हणतं, यादीत हत्ती होता, ‘छोटा’ नव्हतं. एवढ्या-तेवढ्याने काय अडतं? सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, चौकटीचं माप माझ्याकडे होतं, नाव दुसऱ्या डिपार्टमेंटला.

खजिनदारांना प्राणिशास्त्रात रस नव्हता. “आत येणाऱ्या टेम्पोला आपण पन्नास रुपये घेतो. एकशे बारा हत्ती, आणि पावत्या साठ. बाकीचे बावन्न कुठे गेले?” वॉचमन रडकुंडीला आला. पैसे न देता एकही हत्ती आत सोडला नाही, असं तो शपथेवर सांगायला लागला. मी भाच्याला फोन लावला. त्याने सांगितलं की आत शिरलेल्या प्रत्येक वाहनाला कॉम्प्युटर एक क्रमांक देतो. ते गुलमोहराआड गेलं की क्रमांक विसरतो, आणि पलीकडून बाहेर आलं की नवा देतो. त्यामुळे बरेचसे हत्ती दोनदा जन्मले. राहता राहिलं नाव. “मामा, मॉडेलला नावाशी देणंघेणं नाही. त्याच्या लेखी तो वीस नंबर. यादीच्या फाइलमध्ये ‘हत्ती’ खोडायचं, ‘टेम्पो’ लिहायचं. पुन्हा शिकवायला नको, काही नको. एक शब्द.”

मी तसं सभेला सांगितलं. सेक्रेटरी लिहिता लिहिता थांबले. “आता कसं होईल? मिनिट्समध्ये हत्ती गेलेत. बदलायचे तर पुढच्या जनरल बॉडीत विषय घ्यावा लागेल.” आणि त्यांनी पुढचा ठराव वाचून दाखवला: संस्थेच्या आवारात येणाऱ्या प्रत्येक हत्तीकडून रुपये पन्नास मात्र आकारावेत, सभासदाच्या स्वतःच्या घरसामानाचा हत्ती असल्यास सूट द्यावी, कोणताही हत्ती रात्री दहानंतर फाटकासमोर उभा करू नये. सूचक ए विंग, अनुमोदक बी विंग, सर्वानुमते मंजूर.